मधला पट्टा

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे गादीताई म्हणत. बसच्या सीटच्या गाद्या शिवायचं काम तिच्याकडे, म्हणून गादीताई. नाव ठेवताना कोणी फार डोकं चालवलं नव्हतं. सव्वीस वर्षं ती त्याच कोपऱ्यात, त्याच जाड सुईच्या मशीनवर बसत होती. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला चेपलेला फोम काढायचा, नवा कापून बसवायचा, वरून रेक्झिन ताणून शिवायचं. मग महिन्याभराने तीच गाडी परत आली की गादीत कोणीतरी पेन खुपसून पाडलेलं भोक बघायचं आणि त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. डाव्या अंगठ्याचं नख एकदा सुईखाली सापडलं होतं, ते पुढे वाकडंच उगवलं. बुटकीशी बाई, पण कॉम्प्रेसर चालू असला तरी तिची हाक गाड्या धुतात तिथपर्यंत पोचायची.

माहेरी तीन बहिणी, त्यांतली ही मधली. थोरलीला नवे कपडे मिळत, कारण ती थोरली. धाकटीलाही नवेच मिळत, कारण थोरलीचे कपडे मधलीच्या अंगावर इतके झिजत की तिच्यापर्यंत पोचतच नसत. पाहुणे आले की आई ओळख करून द्यायची, "ही थोरली, हिला गणितात पैकीच्या पैकी. ही धाकटी, गाते छान. आणि ही..." इथे आई जरा थांबायची, आठवून बघायची, आणि म्हणायची, "ही मधली." त्या थांबण्याचा राग गादीताईने बावन्न वर्षांची झाली तरी सोडला नव्हता. खरं सांगायचं तर तो राग तिला आवडायचाही. कामाच्या माणसाला असा एखादा जपून ठेवलेला राग बरा असतो.

आता लीगबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी वर्कशॉपच्या जेवणाच्या खोलीत टीव्ही होता. दर शनिवारी दुपारी त्यावर कुस्त्या लागायच्या. त्या झगमगीत कपड्यांतल्या, एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालायच्या कुस्त्या. माणसं घास हातात धरून बघत. मग टीव्ही बंद पडला. अर्ज केला, स्मरणपत्रं दिली. वरून उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. तेव्हा फोरमनने, ज्याला सगळे चीफ म्हणत, डब्याचं झाकण टेबलावर आपटून जाहीर केलं, "करू दे त्यांना विचार. आपली कुस्ती आपण करू. मनातल्या मनात, पण रीतसर."

आणि खरोखरच रीतसर केली. प्रत्येकाने मनाने एक पैलवान उभा करायचा; त्याचं नाव, वय, वजन, हातखंडा डाव, सगळं ठरवून द्यायचं. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत लढती. आधी दोघांनी ललकारी द्यायची, म्हणजे आपल्या पैलवानाच्या तोंडचं भाषण ठोकायचं. मग नट टाकायचा. बसच्या चाकाचा तो मोठा सहा कडांचा नट, त्याच्या कडांवर पंचने एक ते सहा आकडे ठोकलेले. तीन-तीन फेका, बेरीज ज्याची जास्त तो जिंकला. ललकारीला ज्याच्या बाजूने जास्त हात वर होतील त्याला एक फेक जास्तीची. शेवटी कोठीवाला, म्हणजे हत्यारांच्या कोठीचा कारकून, त्या आकड्यांवरून अख्खी कुस्ती रंगवून रजिस्टरात लिहायचा: कोणी कोणाला उचललं, कोण दोरावर आपटला, कोणाची पाठ टेकली. वर्षभरात माणसं त्या पैलवानांबद्दल सख्ख्या नातेवाइकांसारखं बोलायला लागली. खरं तर जास्त आपुलकीने.

पट्टा एकच होता. इंजिनाचा झिजलेला फॅनबेल्ट, त्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर 'अजिंक्य' असं कोरलेलं. जेवणाच्या खोलीतल्या लाकडी फळीवर प्रत्येकाची पिशवी टांगायची खुंटी होती. पट्टा ज्याच्या खुंटीवर, तो मानकरी. आव्हान द्यायचं तर हत्यारं घेताना पूर्वी कोठीत द्यावा लागे तो आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खुंटीखालच्या तारेत ओवायचा. बिल्ले ज्या क्रमाने लागतील त्या क्रमाने महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पट्ट्याची एक लढत. पट्टा खुंटीवरून निघेल तो हरल्यावरच. आणि लढत टाळणाऱ्याने खुंटी पूर्ण रिकामी करायची. हा शेवटचा नियम चीफनेच लिहिला होता, कारण पहिल्या वर्षीचा मानकरी आपल्या पैलवानाची कंबर धरलीय असं सांगून तीन महिने लढत टाळत बसला होता. सगळे नियम चीफच्या ठसठशीत अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलेले होते.

तिथे आणखी एक नियम होता: मानकऱ्याला एक फेक जास्त. हा नियम झाला तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. मग चीफचा पैलवान 'पोलाद' मानकरी झाला आणि चार वर्षं पट्टा त्याच्या खुंटीवरून हलला नाही.

चीफ लबाड नव्हता. लीग त्याने उभी केली होती, नट त्याने घडवला होता. पण एकदा हरलं की पुन्हा नंबर लागायला दीड वर्ष, आणि मधल्या काळातल्या लढती म्हणजे नुसती भूक लागावी म्हणून केलेला व्यायाम. बावीस जण होते ते नऊवर आले. बाकीचे जेवून भिंतीला टेकून डुलक्या काढायला लागले.

मग एका शनिवारी रंगारी उठला, आपला चौदा नंबरचा बिल्ला कोठीवाल्याच्या रजिस्टरावर ठेवला आणि डबा घेऊन रंगाच्या शेडकडे चालता झाला.

रंगारी म्हणजे लीगमधला सर्वांत तिखट तोंडाचा माणूस. एरवी दिवसभरात दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. पण ललकारी द्यायला उभा राहिला की लोक चघळायचे थांबत. तीनदा त्याने चीफला गाठलं होतं; तिन्ही वेळा ललकारी त्याची आणि नट चीफचा. गादीताई त्याच्या मागोमाग शेडमध्ये गेली.

"काय रे, हे काय नवीन?"

"नवीन काही नाही ताई. जुनंच आहे." तो बसच्या दारावर पट्टी ओढत होता. हात जरासुद्धा हलत नव्हता. "आता माझा नंबर थेट पुढच्या वर्षी. तोपर्यंत मी कशासाठी लढू? जिंकलो तरी खुंटीवर माझी पिशवीच."

त्याचं खरं होतं, आणि तिचंही तेच होतं. तिची पैलवान 'टाकाबाई' सहा वर्षांत चाळीस लढती लढली होती, सतरा जिंकली होती, आणि भिंतीवर तिच्या नावाचं एक टिंबही नव्हतं. पहिला नाही म्हणजे कोणीच नाही, ही गोष्ट तिला आईच्या बैठकीपासून ओळखीची होती. माहेरी ती गप्प बसली होती. इथे काही ती गप्प बसणार नव्हती.

पुढच्या सोमवारी जेवणं सुरू होताच ती उभी राहिली. "दोन पट्टे वाढवायचे. एक मधला पट्टा. अजिंक्य एकाकडे राहू दे, बाकीच्यांनी मधल्यासाठी झगडायचं. आणि दुसरा जोडीचा, दोघा-दोघांनी मिळून लढायचा."

खोलीत दोन-तीन मुंड्या वर झाल्या. चीफने सावकाश घास गिळला.

"ताई, अजिंक्य एकच असतो. दोन झाले की एकही नाही. पट्टे वाढले की पट्ट्याची किंमत जाते. उद्या म्हणाल, कॉम्प्रेसरलाही एक पट्टा द्या."

"द्यावा. तुमच्यापेक्षा कमी आवाज करतो."

हशा पिकला आणि तिथेच चूक झाली, कारण चीफचे कान लाल झाले. "ही लीग मी उभी केलीय," तो म्हणाला. "दुसऱ्या नंबराचं बक्षीस वाटायला ही शाळा नाही. ज्यांना पहिलं येता येत नाही त्यांनी टाळ्या वाजवाव्यात. विषय संपला."

ज्यांना पहिलं येता येत नाही. दुपारभर गादीताईच्या मशीनचा आवाज असा येत होता की शेजारचा वेल्डर दोनदा येऊन विचारून गेला, मशीन बिघडलंय का. मशीन ठणठणीत होतं.

घरी तिने सगळं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो शाळेच्या प्रयोगशाळेतून मदतनीस म्हणून निवृत्त झालेला. आयुष्यभर काचेची भांडी न फोडता धुतल्यामुळे स्वभाव शांत. कपडे घडी करत त्याने ऐकून घेतलं.

"अगं, त्याने नक्की कशाला नाही म्हटलं?"

"पट्टा लीगमध्ये घ्यायला."

"शिवायला?"

"अहो, तुम्ही दिसता तेवढे साधे नाही," ती म्हणाली.

"तीस वर्षं हेडमास्तरांच्या हाताखाली होतो," तो म्हणाला आणि उशीचा अभ्रा झटकला.

भंगारात काढलेल्या एका बसच्या ड्रायव्हरची सीट पडून होती. कोठीवाल्याकडून रीतसर भंगाराची चिठ्ठी घेऊन तिने तिचं लालभडक रेक्झिन सोडवलं. तीन आठवडे चहाच्या सुट्टीत ती शिवत होती. आत बोटभर फोम, कडेने पिवळी गोट, मधोमध फुटक्या हेडलाइटची चकचकीत कडी, दोन्ही बाजूंना ताडपत्रीला ठोकतात तसे पितळी डोळे. अक्षरं रंगवायला रंगाऱ्याला सांगणार होती, पण तो लीगचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. म्हणून तिने दुहेरी पिवळ्या दोऱ्याने स्वतःच भरली: मधला. वाकड्या नखाच्या अंगठ्याने प्रत्येक टाका दाबून बघितला. झाल्यावर पट्टा कमरेला लावून तिने कोठीच्या काचेत बघितलं. कोठीवाला आतून म्हणाला, "ताई, खरं सांगू? आपला अजिंक्य याच्यापुढे फॅनबेल्टच वाटतो." तो फॅनबेल्टच होता.

शनिवारी सकाळी तिने पट्टा फळीवरच्या मधल्या रिकाम्या खुंटीला टांगला आणि कामाला लागली. जेवणाच्या सुट्टीत आत आली तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले होते. डुलक्या काढणारेसुद्धा उठले होते. एक जण फोम दाबून बघत होता, दुसरा त्याच्या हातावर चापट मारत होता.

"हे कोणी लावलं?" चीफ दारात उभा होता. कोणी लावलं हे काही लपणार नव्हतं. अख्ख्या डेपोत तसा टाका घालणारा दुसरा हात नव्हता.

"मी लावलं," गादीताई म्हणाली.

"मी नाही म्हटलं होतं."

"ऐकलं होतं मी."

चीफ तरातरा पुढे आला. आता वर्कशॉपची एक पद्धत होती. कामाच्या जागी कोणाचं काही लोंबकळताना, वाटेत पडलेलं किंवा नको तिथे सापडलं, की चीफ ते उचलून नेऊन आपल्या खुंटीला टांगायचा, आणि ज्याचं असेल त्याने आठवड्याने चार गोष्टी ऐकून परत न्यायचं. मफलर, कानात घालायच्या वायरी, एकदा तर एकाची कवळी त्या खुंटीवर पिशवीत लटकली होती. वीस वर्षांची सवय. रागाच्या भरात हाताने तेच केलं. त्याने मधला पट्टा खेचला, चार पावलं गेला, आणि आपल्या खुंटीवर, अजिंक्यच्या शेजारी, अडकवून टाकला.

"जप्त!" तो म्हणाला आणि डबा उघडून बसला.

गादीताईला रडू येईल अशी भीती वाटली. तीन आठवड्यांचं काम कवळीच्या जागेवर लटकत होतं. मग तिची नजर त्याच्या वरच्या भिंतीवर, पुठ्ठ्यावर गेली. तिने चीफचं ठसठशीत अक्षर एकदा वाचलं, परत वाचलं. आणि तिचं रडू कुठच्या कुठे पळालं.

"कोठीवाले," ती मोठ्याने म्हणाली, "पहिला नियम जरा वाचता का? चष्मा मशीनवर राहिलाय माझा."

चष्मा तिच्या नाकावर होता. कोठीवाल्याने वाचलं, "पट्टा ज्याच्या खुंटीवर, तो मानकरी."

चीफचा घास वाटेतच थांबला.

"अभिनंदन चीफ," गादीताई म्हणाली. "मधल्या पट्ट्याचे पहिले मानकरी." तिने खिशातून आपला सत्तावीस नंबरचा बिल्ला काढला, सगळ्यांच्या देखत त्याच्या खुंटीपाशी गेली आणि लाल पट्ट्याखाली नवी तार अडकवून त्यात ओवला. "आणि हे माझं आव्हान."

"हा पट्टाच नाही!" चीफ उभा राहिला. "मी आत्ता काढतो तो."

"काढा की," कोठीवाला रजिस्टर उघडत म्हणाला. त्याला ही लीग पोटच्या पोरीसारखी होती. आणि मरत चाललेली पोर उठून बसलेली त्याला दिसत होती. "फक्त पट्टा हरल्यावरच निघतो. लढत टाळली तर खुंटी पूर्ण रिकामी करायची. पूर्ण म्हणजे दोन्ही, चीफ. तुमचंच अक्षर आहे."

चीफने पुठ्ठ्याकडे बघितलं, अजिंक्यकडे बघितलं, लाल पट्ट्याकडे बघितलं. सगळे चघळायचं सोडून त्याच्याकडे बघत होते. माणूस स्वतःच्याच नियमात असा अडकलेला बघायला मिळणं दुर्मीळ, आणि त्यांनी त्याचा पुरेपूर आनंद घेतला.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "लढतो. एकदा पाठ टेकवतो तुमच्या टाकाबाईची, म्हणजे हे खूळ संपेल."

महिन्याचा शेवटचा शनिवार. खोलीत वॉशिंगवाले आले, ऑफिसातल्या दोघी आल्या, खिडकीबाहेर ड्रायव्हर उभे होते. रंगारी मात्र शेडमध्येच होता. चीफने आधी ललकारी दिली: पोलाद वाकत नाही, पोलाद रजा घेत नाही, पोलादाला चार वर्षांत कोणी ओरखडा काढला नाही. आवाज दणदणीत होता आणि अर्ध्या लोकांनी सवयीने मान डोलावली.

गादीताई उठली आणि टेबलाला टेकून उभी राहिली.

"मी टाकाबाई. वय बावन्न, वजन विचारू नये. पोलादराव, मी रोज सकाळी फाटलेलं उसवते. उसवताना दोरा ओढायचा नसतो, नाहीतर हात कापतो. एकच टाका शोधायचा असतो. तो कापला की बाकीची शिवण आपोआप सुटत येते. गेली चार वर्षं तुम्हाला वाटतंय की तुम्ही पट्टा धरलाय. तुम्ही फक्त वाट अडवून उभे आहात. आज मी जिंकेन किंवा आपटेन. पण तुमचा टाका मला सापडलाय."

हात मोजले. बरोबर अर्धे-अर्धे. ललकारीची जास्तीची फेक कोणालाच नाही.

"मानकऱ्याची एक फेक तरी मला जास्त आहे," चीफ म्हणाला.

गादीताई याचीच वाट बघत होती. "थांबा. ती फेक ज्या पट्ट्याची लढत आहे त्याच्या मानकऱ्याला. लढत मधल्याची आहे. तुम्ही तर म्हणता, हा पट्टाच नाही. मग मानकरी कशाचे?"

चीफ घुटमळला. तीन फेकांना तीन फेका म्हणजे सरळ सामना, आणि जास्तीच्या फेकेशिवाय तो चार वर्षांत लढला नव्हता. खिडकीबाहेरचे ड्रायव्हर बघत होते.

"आहे मी मानकरी!" तो ओरडला. "मधल्याचाही मीच! माझ्या खुंटीवर आहे ना? लिही रे!"

कोठीवाल्याने लिहिलं. लेखणी एवढ्या जोरात चालली की कागद फाटला असता.

गादीताईने फेकले चार, पाच, तीन. बारा. चीफने फेकले दोन, तीन, चार. आणि मग ती जास्तीची फेक, पाच. चौदा. टाकाबाई दोन आकड्यांनी आपटली. चीफने दोन्ही हात वर केले, लाल पट्टा खुंटीवरून काढून छातीशी धरला आणि खोलीभर फिरला. "मधला पट्टाही पोलादाचाच!" फिरता फिरता त्याने फोम दाबून बघितला, मऊ होता.

हरल्याचं दुःख तिला झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चांगलं झालं. टाकाबाईच्या कमरेला तो पट्टा तिने रोज रात्री झोपताना बघितला होता. पण आता रजिस्टरात शाईने लिहिलं होतं: मधला पट्टा, मानकरी पोलाद, पहिला यशस्वी बचाव. ज्याने विषय संपवला होता त्याच्याच तोंडून. ती कोठीवाल्याकडे गेली, त्याच्या टेबलाच्या खणातून चौदा नंबरचा बिल्ला उचलला, आणि चीफचा जल्लोष संपायच्या आत तारेत ओवला. त्याच्या मागे आपला सत्तावीस. ते बघताच बाकीच्यांची झुंबड उडाली. डुलक्या काढणाऱ्यांनी कोठीवाल्याकडे जुने बिल्ले शोधायला लावले. घंटा झाली तेव्हा तारेत अकरा बिल्ले होते.

रंगारी सोमवारी तणतणत तिच्या मशीनशी आला. "ताई, मी बिल्ला लावला नाही!"

"लागला ना. आता टाळलंस तर लोक म्हणतील, रंगारी घाबरला."

"कोण म्हणेल?"

"मी म्हणेन. आणि माझा आवाज कुठपर्यंत जातो ते तुला ठाऊक आहे."

तो तणतणतच शेडकडे गेला. पण त्या महिन्यात शेडवरून जाताना आतून पुटपुटणं ऐकू यायचं.

त्याच्या पैलवानाचं नाव होतं 'दुसरा हात'. रंगावर रंगाचा जो दुसरा थर देतात तो. शेवटच्या शनिवारी तो उभा राहिला, बोटांना निळा रंग लागलेला, आणि हळू आवाजात बोलायला लागला, म्हणून सगळे पुढे झुकले.

"रंगात पहिला हात कशाला असतो? गंज झाकायला. पहिल्या हातावर कोणी गाडी रस्त्यावर काढत नाही. चकाकी येते ती माझ्यामुळे. तरी मला म्हणतात दुसरा, आणि म्हणताना जीभ जरा खाली आणतात. आणू दे. पोलादराव, चार वर्षं पहिलाच हात मिरवताय. पोपडे सुटलेत. मी पॉलिश पेपर घेऊन आलोय."

वर झालेले हात मोजावेही लागले नाहीत. चार फेकांना चार फेका. चीफची बेरीज तेरा आली. रंगाऱ्याच्या तीन फेकांत आठ झाले. चौथ्या फेकेला नट टेबलावरून घरंगळत गेला, काठावर अडला आणि सहावर बसला. खोलीत जो आवाज झाला तो ऐकून डेपो मॅनेजर जिन्यावरून धावत आला. त्याला वाटलं जॅक सुटला. रंगाऱ्याने पट्टा घेतला, उलटा करून मागची शिवण बघितली, मग सुलटा केला. "टाके सरळ आहेत," तो गादीताईला म्हणाला. त्याच्याकडून हे भाषणच होतं.

लाल पट्टा आणि बिल्ल्यांची तार रंगाऱ्याच्या खुंटीवर गेली. तारेत पहिला सत्तावीस, त्याच्या मागे नऊ.

मंगळवारी सकाळी तारेत सत्तावीसच्या मागे दहा होते. शेवटचा बिल्ला जरा जास्त घासलेला, आकडा एक. कोणी लावताना बघितलं नाही, पण डेपोत एक नंबरचा बिल्ला एकाच माणसाचा होता.

दुपारी चीफ गादीताईच्या कोपऱ्यात आला. आधी त्याने रेक्झिनचा गुंडाळा बघितला, मग फोमचा, मग म्हणाला, "माझा नंबर अकरावा लागतोय. म्हणजे जवळजवळ वर्ष."

"हो. रांग आहे." तिने सुईत दोरा ओवला. "पहिली मी आहे."

"वर्ष म्हणजे फार होतं, ताई."

"आम्ही दीड काढलं होतं."

चीफने फोमचा गुंडाळा जागेवर सरळ केला. बाहेर कोणीतरी गाडी चालू करून बघत होतं. "ते तुम्ही म्हणाला होतात ना," तो म्हणाला, "जोडीचा पट्टा. तो किती दिवसांत होईल?"

"पट्टे वाढले की किंमत जाते, चीफ."

"ते मी तेव्हा..." त्याने हात हवेत फिरवला आणि सोडून दिला. "वेल्डर माझ्याबरोबर यायला तयार आहे."

गादीताईने मशीनवरून मान वर केली. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या कोपऱ्यात उभा राहून काही मागत होता, आणि तिने ते दोन मिनिटं मनसोक्त चाखलं.

"अर्ज करा," ती म्हणाली. "विषय विचाराधीन आहे."

चीफला हसू फुटलं, न आवरण्याजोगं. हसतच तो गेला. तो दिसेनासा झाल्यावर तिने पायाशी ठेवलेल्या पोत्यातून जोडीच्या पट्ट्यासाठी कापून तयार असलेलं हिरवं रेक्झिन काढलं. तीन आठवडे ते तिथेच होतं. तिने ते सुईखाली सरकवलं, वाकड्या नखाच्या अंगठ्याने कड दाबून धरली.

"आणि ही मधली," ती मशीनला म्हणाली, अजिबात न थांबता, आणि पायडल दाबलं.